अडचण पाहिजे

पाणीपुरवठा कार्यालयातल्या तक्रार विभागाचे हेडक्लार्क त्या संध्याकाळी घरी आले, तेव्हा त्यांची मुलगी जेवणाच्या टेबलाखाली बसून मुंग्या बघत होती आणि टेबलावर एक छापील अर्ज पडला होता. अर्ज दिसला की हेडक्लार्कांना पायातल्या चपला काढायचंही भान राहत नसे. उभ्या उभ्या त्यांनी तो वाचायला घेतला. पहिले तीन प्रश्न त्यांनी मान डोलावत वाचले. चौथ्याशी ते थांबले, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि खुर्चीत बसले.

"हे काय आहे?"

"उन्हाळी शिबिराचा अर्ज," टेबलाखालून आवाज आला.

शिबिर कीटकांवर संशोधन करणाऱ्या एका नावाजलेल्या संस्थेचं होतं. सहा आठवडे शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम, राहणं-जेवण संस्थेचं, वर शिष्यवृत्ती. अकरावीतली मोजकी मुलं घेणार होते. हेडक्लार्कांची मुलगी अकरावीत होती, पण घरात तिला अजून बाळी म्हणत. बाळी गेली दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या मुंग्यांचे रस्ते कागदावर उतरवत होती. तिच्यासाठी घरातली साखर उघड्यावर राहत होती आणि मुंग्यांची पावडर घरात आणायला बंदी होती. हे शिबिर तिला हवं होतं. इतकं हवं होतं की त्याबद्दल ती फारशी बोलतच नव्हती, आणि आईने नेमकं त्यावरूनच ते ओळखलं होतं.

चौथा प्रश्न असा होता: तुमच्या आयुष्यात आलेली एखादी मोठी अडचण आणि तिच्यावर तुम्ही केलेली मात, पाचशे शब्दांत लिहा.

"बाळे, बाहेर ये," हेडक्लार्क म्हणाले. "तुला कुठली अडचण आली होती?"

बाळी बाहेर आली, केसांतली जळमटं काढली आणि प्रामाणिकपणे विचार करू लागली. टॉन्सिलचं ऑपरेशन झालं होतं, पण त्यात तिला पंधरवडाभर आईस्क्रीम मिळालं होतं. सातवीत चित्रकलेत कमी मार्क पडले होते.

"त्यावर मात केलीस?"

"नाही. चित्रकला सोडली."

हेडक्लार्कांनी सोळा वर्षांचा आढावा घेतला आणि जसजसा तो पुढे सरकला तसतसे ते हिरमुसले होत गेले. या मुलीला ताप आला की तीन डॉक्टर झाले होते. शाळेच्या पहिल्या दिवसाआधी ते स्वतः जाऊन बाकाला खिळा वर आलेला नाही ना, हे हात फिरवून बघून आले होते. बसथांब्यावर ऊन लागतं म्हणून त्यांनी नगरपालिकेला इतकी पत्रं लिहिली होती की शेवटी तिथे छप्पर आलं, आणि ते आलं तेव्हा बाळी सायकलने जायला लागली होती. मुलीपर्यंत अडचण पोचू नये यासाठी एका माणसाने आयुष्य खर्ची घालावं आणि कुठल्यातरी संस्थेने पाचशे शब्दांत त्याचा जाब विचारावा, हे त्यांना लागलं.

"म्हणजे आपण सोळा वर्षं चुकलोच म्हणायचं," ते बायकोला म्हणाले.

बायको इस्पितळाच्या औषधभांडारात होती. आयुष्यभर डोस मोजून देत आल्यामुळे ती बोलायचीही मोजूनच. "चहा घ्या," ती म्हणाली.

"मी लिहिते ना," बाळी म्हणाली, "की मला मोठी अडचण आलेली नाही."

हेडक्लार्कांनी कप खाली ठेवला. रकाना रिकामा असलेले किती अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने परत पाठवले होते. आणि 'नाही' हे उत्तर त्यांच्या लेखी रिकाम्या रकान्यापेक्षाही वाईट, कारण त्यात उद्धटपणाचीही भर पडते. मुलगी एका शब्दापायी शिबिराला मुकणार, हे त्यांना स्पष्ट दिसलं. छापील अर्ज त्यांनी घडी घालून आपल्या खणात ठेवला. मुदत महिनाअखेरपर्यंत होती. चौथ्या प्रश्नाचं आपण बघू, असं त्यांनी जाहीर केलं. त्यानंतर बाळी काहीतरी म्हणाली, पण तोवर ते दारात पोचले होते.

खालच्या मजल्यावर विमा एजंट राहत. इमारतीत त्यांना विमेवाले म्हणत. आपत्ती या विषयात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. हेडक्लार्कांची निकड ऐकून त्यांचे डोळे चकाकले. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे संकट मागायला आलेला हा पहिलाच माणूस होता. एरवी लोक संकटाचा विषय काढला की त्यांना दारातूनच परतवून लावत.

"आगीला तोड नाही," विमेवाले म्हणाले. "फक्त फर्निचर जुनं हवं. पूर चांगला, पण तुम्ही दुसऱ्या मजल्यावर. चोरीत मुलीला मात करायला फारसं काही उरत नाही."

एवढं मोठं नको, असं हेडक्लार्क म्हणाले. विमेवाल्यांनी मग एखादी आपत्ती नुसती लिहून टाकण्याचा मार्ग सुचवला, आणि इथे हेडक्लार्क ताठ झाले. ते खोटं लिहिणाऱ्यांतले नव्हते. नोकरीत त्यांनी तारीखसुद्धा मागची घातली नव्हती. लिहायची तर खरी अडचण लिहायची, आणि खरी अडचण नसेल तर ती रीतसर निर्माण करायची, असा त्यांचा निर्णय झाला. त्या घरावर पुढे जे काही ओढवलं ते सगळं या सचोटीतून ओढवलं, याची नोंद इथे करून ठेवायला हवी.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहत. त्यांना अख्खी इमारत सर म्हणे. त्यांच्या मते अभ्यास आणि अंधार यांचा संबंध फार जुना होता. ज्याने मिणमिणत्या दिव्याखाली अभ्यास केला नाही असा एकही मोठा माणूस त्यांच्या पाहण्यात नव्हता. हेडक्लार्कांना हे पटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळी भौतिकशास्त्र काढून बसली तसे ते गुपचूप जिन्याखाली गेले आणि त्यांनी आपल्या घराचा फ्यूज काढून शर्टच्या खिशात टाकला.

फ्यूज त्यांच्या घराचा नव्हता. तो सगळ्या इमारतीचा होता. त्यावेळी सर लिफ्टमध्ये होते.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध थांबली आणि आतून सरांचा आवाज येऊ लागला. आधी ते मदत मागत होते, मग व्यवस्थेबद्दल बोलू लागले, आणि नंतर सवयीने शिस्तीवर गेले. बाळी बॅटरी घेऊन लिफ्टच्या दाराशी जाऊन बसली आणि सरांना एकटं वाटू नये म्हणून भौतिकशास्त्राचा धडा मोठ्याने वाचू लागली. सरांनी आतून शंका विचारल्या, तिला न समजलेली दोन गणितं तोंडी समजावून दिली, आणि वायरमन येईतो तिचा अख्खा धडा पक्का झाला. वायरमनने फ्यूज कुठे गेला असं विचारल्यावर हेडक्लार्कांनी तो खिशातून काढून दिला. तो खिशात कसा आला, हे वायरमनने विचारलं नाही. फक्त जाताना त्याने विमेवाल्यांना बाजूला घेऊन साहेबांची तब्येत बरी आहे ना, असं विचारलं.

मग हेडक्लार्कांनी बाळीचं अभ्यासाचं टेबल काढून सरांकडे ठेवायला दिलं. बाळी जमिनीवर बसायला लागली. मुंग्या जमिनीवरच असल्याने ही सोय आपल्याला आधी का सुचली नाही, याचं तिला नवल वाटलं, आणि तिने बाबांचे आभार मानले. त्या आभारांनी हेडक्लार्कांना रात्रभर बरं वाटलं नाही.

शांततेचा भंग हा पुढचा उपाय होता. विमेवाल्यांकडे एक ट्रम्पेट होता. तरुणपणी हौसेने घेतलेला, आणि लग्नानंतर बायकोच्या आज्ञेने माळ्यावर गेलेला. रोज संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात येऊन वाजवाल का, असं हेडक्लार्कांनी विचारल्यावर त्यांना गहिवरून आलं. ते नुसते आले नाहीत, इस्त्रीचे कपडे करून आले. त्यांना एकच धून येत होती, आणि तीही मध्यापर्यंतच. मध्यावर आले की ते थांबत, "इथं जरा अवघड आहे," असं म्हणत आणि पुन्हा सुरुवातीपासून धरत. बायकोने औषधभांडारातून कानात घालायचे बोळे आणले. एक जोड स्वतःला, एक बाळीला. हेडक्लार्कांनी हात पुढे केला तेव्हा तिसरा जोड मिळत नाही, असं तिने सांगितलं. आवाजामुळे मुंग्यांनी खिडकीचा रस्ता सोडून फ्रिजमागून रस्ता काढला, आणि बाळी इतकी हरखली की आणखी आठवडाभर वाजवाल का, असं तिने विमेवाल्यांना विचारलं. हेडक्लार्कांचा रक्तदाब वाढून डॉक्टरांनी त्यांना गोळी चालू केली. घरात एवढं सगळं होऊन अडचण आली ती एकट्या त्यांना, आणि अर्ज त्यांचा नव्हता.

एक दिवस त्यांच्या डोक्यात वेगळाच प्रकाश पडला. अडचण काय आहे याला फारसं महत्त्व नाही, तिचा दाखला काय आहे याला आहे. सही-शिक्क्याचा कागद जोडला की रकाना आपोआप भरतो. ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून नागरी सुविधा कार्यालयात गेले. खिडकीवरच्या बाबूंनी त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "अडथळा आहे, की नाही?"

"आहे असं म्हणायचंय."

"असल्याचा दाखला आम्ही देत नाही. नसल्याचा देतो."

असल्याचा दाखला हवा तर आधी अभियंता पाहणीला येणार, अडथळ्याची लांबी-रुंदी घेणार, आणि तो हटवण्याची नोटीस निघणार. अडथळा सोळा वर्षांच्या मुलीच्या आयुष्यात आहे, असं हेडक्लार्कांनी सांगितल्यावर बाबूंनी मजला कितवा, असं विचारलं. मागे रांग वाढत होती. रजेचा अर्धा दिवस संपत आला होता, आणि रिकाम्या हाताने सरकारी कचेरीतून परतणं हेडक्लार्कांच्या रक्तात नव्हतं. ते जे मिळत होतं ते घेऊन आले. कागद सुंदर होता. गोल शिक्का, तिरकी सही, आणि मजकूर असा की सदर इसमाच्या राहत्या जागी कोणत्याही प्रकारचा अडथळा आढळून आला नाही.

"छान," बायको म्हणाली. "फ्रेम करून घ्या."

शेवटी सरांनीच मार्ग दाखवला. त्यांच्या अनुभवात मुलींच्या बाबतीत एक अडचण कधीच फुकट गेली नव्हती, ती म्हणजे वडिलांचा विरोध. फ्यूज नको, ट्रम्पेट नको, दाखला नको. वडील उभे राहिले की झालं. आणि हा विरोध खोटा ठरू नये म्हणून तो चारचौघांत व्हावा, असंही त्यांनी सुचवलं. हेडक्लार्कांना हे सचोटीत बसतं का, असा प्रश्न पडला. पण प्रत्यक्ष उभं राहून विरोध केला तर विरोध झाला, ही वस्तुस्थिती होती. मनात काय आहे याला कागदावर रकाना नसतो.

सोमवारपासून ते कामावरून आले की जिन्यात उभे राहून विरोध करू लागले. पहिल्या दिवशी त्यांना जमलं नाही. "तुझं शिक्षण आजपासून बंद," असं ते वरच्या दिशेने म्हणाले, आणि लगेच, "दूध घेतलंस का?" असंही. विमेवाल्यांनी खालून सूचना केली की दूध नंतर. दुसऱ्या दिवशी आवाज लागला. तिसऱ्या दिवशी त्यांनी कठड्यावर मूठ आपटली आणि ती सुजली. वाक्यं सर लिहून देत. सरांची भाषा जुन्या वळणाची असल्यामुळे हेडक्लार्क स्वतःच्या मुलीला "हे कुलकन्यके" म्हणाल्याचं तीन मजल्यांनी ऐकलं. बाळी दारात उभी राहून हे सगळं ऐके, आणि बाबा दमले की त्यांना पाणी आणून देई. तिने एकदा समजवायचा प्रयत्न केला.

"बाबा, याची गरज नाहीये. मी तुम्हाला सांगितलंय."

"तू मात करायच्या तयारीला लाग," हेडक्लार्क म्हणाले.

हा विरोध कशासाठी आहे हे घराबाहेर सर आणि विमेवाले सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. इमारतीने तो जसा ऐकला तसा घेतला. समोरच्या दुकानदाराने हेडक्लार्कांशी बोलणं सोडलं आणि साबण मागितला की तो न बघता पुढे सरकवू लागला. शेजारच्या इमारतीतल्या बायका बाळीला वाटेत थांबवून डोक्यावरून हात फिरवू लागल्या. पुढे पुढे तर दस्तुरखुद्द सरांनाच आपण लिहिलेली वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकून राग यायला लागला, आणि हा गृहस्थ इतका कठोर असेल असं वाटलं नव्हतं, असं ते विमेवाल्यांजवळ बोलले.

मग कार्यालयात एक निनावी तक्रार आली. आपल्या खात्यातील एक कर्मचारी स्वतःच्या मुलीच्या शिक्षणाच्या आड येत असून समाजात खात्याची बदनामी होत आहे, तरी योग्य ती कारवाई व्हावी. खात्यातल्या कोणाविरुद्धही तक्रार आली तरी ती हेडक्लार्कांच्याच टेबलावर यायची, असा नियम होता. ती आली. त्यांनी ती दोनदा वाचली, आवक क्रमांक टाकला, आणि संबंधित कर्मचाऱ्याने लेखी खुलासा करावा असा मेमो काढला. मेमो त्यांनी स्वतःला दिला आणि मिळाल्याची सही घेतली. दुपारी डबा खाऊन झाल्यावर त्यांनी खुलासा लिहिला, आणि चहानंतर तो वाचला. खुलासा समाधानकारक वाटला नाही. त्यांनी तसा शेरा मारला. आजवर कोणी बोट दाखवू शकलं नव्हतं असा माणूस, आणि आज त्याच्याकडे बोट दाखवलं ते त्यानेच. घरी जाताना त्यांनी दुकानासमोरचा रस्ता टाळला.

त्या शनिवारी संस्थेच्या बाई आल्या.

त्या येणार हे हेडक्लार्कांना ठाऊक नव्हतं. बाई उंच होत्या, खांद्याला कापडी पिशवी होती, आणि त्या जिना चढत होत्या तेव्हा हेडक्लार्क रोजच्या जागी उभे राहून रोजचं काम करत होते. "मुलीच्या जातीला कसली आलीय संशोधनं," असं म्हणून त्यांनी मूठ उगारली, तर समोर बाई.

"मी कीटक संस्थेतून आले," त्या म्हणाल्या. "तुम्ही वडील?"

हेडक्लार्कांनी मूठ खाली घेतली. अर्ज तर खणात आहे, एवढंच ते कसंबसं बोलले. आतून बायको आली. अर्ज शाळेच्या कॉम्प्युटरवरून पहिल्याच शुक्रवारी गेलेला आहे, खणात आहे ती त्याची नुसती छापील प्रत, आणि हे बाळीने त्यांना निदान चार वेळा सांगितलं आहे, अशी तिने बाईंना माहिती दिली. तिच्या मानाने हे मोठं भाषण होतं.

"आणि चौथा प्रश्न?" हेडक्लार्कांनी विचारलं.

बाईंनी पिशवीतून कागद काढला आणि वाचला. बाळीने चौथ्या प्रश्नाखाली एवढंच लिहिलं होतं: मला अजून मोठी अडचण आलेली नाही. आई-बाबा येऊ देत नाहीत. मुंग्यांच्या वाटेत मी काडी ठेवते, तेव्हा त्या काय करतात ते मी लिहून ठेवलं आहे. ते सोबत जोडलं आहे.

"जोडलेलं आम्ही सगळ्यांनी वाचलं," बाई म्हणाल्या. "म्हणून मी आले. मुलगी निवडल्यातच जमा होती. पण खाली मला लोक भेटले."

खाली लोक भेटले होते ते असे: दुकानदाराने बाईंना बसायला स्टूल देऊन सगळं सांगितलं होतं. शेजारच्या बायकांनी त्यात भर घातली होती. जिन्यात सर भेटले आणि त्यांनी कुलकन्यकेपासून सुरुवात केली. सगळ्यांचा उद्देश एकच होता, की बाळीला न्याय मिळावा. आणि बाईंची अडचण अशी होती की मागल्या वर्षी असाच एक विरोध करणारा बाप शिबिर अर्धं झाल्यावर येऊन मुलीला घेऊन गेला होता. तेव्हापासून संस्थेने नियम केला होता. पालकांचा विरोध असेल त्या मुलीला घ्यायचं नाही.

बाई आणि हेडक्लार्क दिवाणखान्यात बसले होते. बाळी भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा अगदी पांढरा पडला होता. इतके दिवस तिने बाबांना हसून सांभाळून घेतलं होतं. आता ती हसत नव्हती.

हेडक्लार्क उठले आणि आतून गोल शिक्क्याचा दाखला घेऊन आले. बाईंनी तो दोन्ही बाजूंनी वाचला. हा सांडपाण्याच्या नळीसंबंधी आहे, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी तो परत केला. मग हेडक्लार्कांनी विमेवाल्यांना वर बोलावलं. विमेवाल्यांनी खरं काय ते सांगितलं, पण ते सांगताना फ्यूज, लिफ्ट आणि ट्रम्पेट इतक्या तपशिलाने आणले, आणि आगीचा विचार आपण सोडून दिला होता हे इतक्या ठासून सांगितलं, की बाईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"मला एवढंच कळू द्या," त्या हेडक्लार्कांना म्हणाल्या. "तुमचा विरोध आहे का?"

"मुळीच नाही."

"मग प्रश्न मिटला. इथे सही करा."

त्यांनी संमतीचा कागद टेबलावर ठेवला. बाळीच्या चेहऱ्यावर रंग परतला. हेडक्लार्कांनी पेन काढलं, टोपण उघडलं, कागद सवयीने वरपासून खालपर्यंत वाचला, आणि पेन कागदावर टेकवलं. पेन पुढे जाईना.

कागदावर सहा आठवडे असं लिहिलं होतं. ते त्यांनी आधीही वाचलं होतं, पण तेव्हा ते चौथ्या प्रश्नाच्या तयारीत होते. गेले काही आठवडे मुलीला शिबिराला पाठवण्यासाठी जिवाचं रान करताना मुलगी शिबिराला जाणार, हा मुद्दा त्यांच्या ध्यानातच आला नव्हता. तिथे रात्री खोलीत सोबत कोण असतं, असं त्यांनी विचारलं. पिण्याचं पाणी कुठून येतं. टाकी कधी धुतली होती. जंगल म्हणजे किती जंगल. ताप आला तर डॉक्टर एकच आहे का. बाई एकेका प्रश्नाचं उत्तर देत होत्या आणि पेन होतं तिथेच होतं. शाईचा एक ठिपका कागदावर वाढत चालला होता.

"भाऊ, आता नाटक पुरे," विमेवाले हळूच म्हणाले.

"नाटक नाही," हेडक्लार्क म्हणाले. आणि ते स्वतःच दचकले.

 सर दारात येऊन उभे राहिले होते. हेडक्लार्कांनी पेन खाली ठेवलं. पुढच्या वर्षी बघू, असं ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. मूठ नाही, कुलकन्यका नाही. जिन्यातल्या इतक्या दिवसांच्या आरडाओरड्यात जे एकदाही मनातून आलं नव्हतं, ते या तीन शब्दांत आलं होतं. बाईंनी कागद आपल्याकडे ओढला.

बाळी पुढे झाली आणि तिने कागदाच्या दुसऱ्या टोकावर हात ठेवला. ती बाबांसमोरच्या खुर्चीत बसली.

"बाबा, मी तिथं नीट राहीन असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "मला भीती वाटतेय. मी कधी एकटी राहिलेच नाही."

"मग कशाला जायचं?" हेडक्लार्क म्हणाले. त्यांना एकदम हायसं वाटलं. "भीती वाटते तर जाऊच नये."

"तुम्ही रोज जिन्यात उभं राहून ओरडत होतात. सगळे बघत होते. तुम्हाला भीती नाही वाटली?"

हेडक्लार्कांनी दाराकडे पाहिलं. तिथे आता सरांच्या मागे आणखी दोघं-तिघं होते.

"वाटत होती," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी तर मध्येच दुधाचं विचारलं."

"मग का उभे राहिलात?"

 हेडक्लार्कांनी बाळीकडे पाहिलं. खुलासा मागितला होता, आणि या वेळी तो त्यांना देता येत नव्हता. मग त्यांनी पेन उचललं आणि सही केली. सही नेहमीसारखी आली नाही, शेवटी थोडी वर चढली. खाली त्यांनी तारीख घातली, आजचीच. कागद बाईंकडे सरकवला आणि मूठ दुखत असल्यासारखा हात टेबलाखाली घेतला.

बाईंनी कागद पिशवीत ठेवला. आता त्या पहिल्यांदाच हसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी खूप अर्ज तपासले होते, असं त्या म्हणाल्या, पण मात होताना समोर बसून कधी बघितली नव्हती. मग त्यांनी बाळीला विचारलं, "चौथ्या प्रश्नाचं उत्तर बदलायचंय का? अजून मुदत आहे."

बाळीने बाबांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते.

"नको," ती म्हणाली. "अडचण अर्ध्या तासाचीच होती. त्याचे पाचशे शब्द नाही व्हायचे."